कोॲक्स केबल किती वॅट सोसते? हॅम मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. त्यांच्यातले नवीन लायसन्स मिळालेले आणि पहिल्यांदाच लिनियर (पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) घेतलेले, दोघंही जवळपास हेच प्रश्न पाठवतात, म्हणून एकत्र उत्तरं लिहून ठेवतोय. कोॲक्स म्हणजे रेडिओपासून ॲन्टेनापर्यंत जाणारी केबल, आत एक तार, तिच्याभोवती प्लॅस्टिक, त्यावर जाळी (शील्ड) आणि बाहेर जॅकेट. सगळं वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा, एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे तसं सांगितलंय.

आरजी-५८ नक्की किती वॅट घेते? एकच आकडा सांगा ना.

एकच आकडा नाहीये, हीच तर गोची आहे. ढोबळ सांगायचं तर चांगल्या कंपनीची आरजी-५८ (बारीक कोॲक्स) सलग कॅरियर (न थांबता सोडलेली पॉवर) ३० मेगाहर्ट्झला ३०० ते ४०० वॅट, १४५ ला दीड-दोनशे आणि ४३५ ला ८० ते १०० वॅट घेते. आरजी-२१३ (जाड कोॲक्स) साधारण याच्या तिप्पट-चौपट. कंपनीप्रमाणे आकडे पुढेमागे होतात कारण प्रत्येकाने आतली तार किती गरम होऊ द्यायची ते वेगळं धरलेलं असतं. आणि हे सगळे आकडे एसडब्ल्यूआर (केबल आणि ॲन्टेना किती जुळतात त्याचं माप) १:१ म्हणजे पूर्ण जुळणी, केबल सावलीत, आजूबाजूला मोकळी हवा, बाहेर साधारण ४० अंश असं धरून काढलेले असतात, तुमच्या गच्चीवर यातलं एखादंच खरं असतं. म्हणून "ही केबल ५०० वॅटची" असं दुकानात कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या फ्रिक्वेन्सीला?

पण केबल गरम का होते? ती तर नुसती वायर आहे.

पॉवर केबलमधून जाताना थोडी थोडी वाटेत मुरते, तिची उष्णता होते. ही उष्णता मुख्यतः आतल्या तारेत तयार होते कारण ती बारीक असते, आणि तिला बाहेर पडायला प्लॅस्टिकचा अख्खा थर ओलांडावा लागतो. साध्या केबलमध्ये हा थर पॉलिथिनचा. तो ८०-८५ अंशांपर्यंत ठीक असतो, त्यापुढे मऊ पडायला लागतो आणि शंभरीच्या थोडं पुढे वितळतो. म्हणजे तांब्याला काही होत नाही, मर्यादा आहे ती पॉलिथिनची.

हिशोब सोपा आहे. एका मीटरला जितका डीबी लॉस (वाटेत मुरलेली पॉवर, डेसिबलमध्ये), त्याला ०.२३ ने गुणा आणि परत वॅटने गुणा, तितके वॅट त्या मीटरमध्ये उष्णता. आरजी-५८ ला २८ मेगाहर्ट्झवर मीटरला ०.०८ डीबी धरा, ४०० वॅट सलग सोडले तर मीटरला सात वॅटच्या वर उष्णता, ती पण ५ मिलिमीटर जाडीच्या केबलमध्ये. आरजी-२१३ मध्ये तेच सव्वातीन वॅट होतात आणि केबल दुप्पट जाड असल्यामुळे उष्णता बाहेर पडायला जागाही जास्त मिळते.

एसडब्ल्यूआर चांगला असेल तर सगळ्यात जास्त गरम होणारा तुकडा कुठला? रेडिओजवळचा पहिला मीटर. पुढे पुढे पॉवर कमी होत जाते तशी उष्णता पण कमी. बरेच जण ॲन्टेनाकडचं टोक तपासत बसतात.

फ्रिक्वेन्सी वाढली की क्षमता का घटते?

फ्रिक्वेन्सी वाढते तसा करंट तारेच्या अगदी वरच्या कातडीतूनच वाहतो. तांब्यात ७ मेगाहर्ट्झला ही कातडी साधारण २५ मायक्रॉन, १४५ ला साडेपाच मायक्रॉन. वाट अरुंद झाली की रोध वाढतो, लॉस वाढतो. ढोबळ नियम असा की फ्रिक्वेन्सी चौपट झाली तर लॉस दुप्पट आणि पॉवर क्षमता निम्मी. यूएचएफच्या (३०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या) वरच्या भागात डायइलेक्ट्रिकचा (तार आणि जाळीमधल्या प्लॅस्टिकचा) लॉस पण यात मिसळतो, तेव्हा नियम थोडा अजून कडक होतो.

माझ्याकडे जनरल ग्रेडचं लायसन्स आहे, ४०० वॅटचा लिनियर घेतोय. आरजी-५८ चालेल का?

एसएसबीवर (आवाजाचा एक मोड) नुसतं बोलणार असाल तर केबल जळणार नाही. ४०० वॅट ही पीक पॉवर, बोलताना सरासरी तिच्या २० टक्क्यांच्या आसपास येते, स्पीच प्रोसेसर दाबून लावला तर ५० टक्क्यांपर्यंत. म्हणजे सरासरी ८० ते २०० वॅट. सीडब्ल्यूला (मोर्स) साधारण ४० टक्के. पण एफएम, आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप) आणि एएमचा कॅरियर हे बटण दाबलेलं असेपर्यंत पूर्ण १०० टक्के. एफटी८ (संगणकावरून चालणारा डिजिटल मोड) चं जरा वेगळं आहे, १५ सेकंदांच्या स्लॉटमध्ये १२.६४ सेकंद पूर्ण पॉवर आणि एकाआड एक स्लॉट, त्यामुळे सरासरी ४२ टक्के पडते. ४०० वॅटवर तासभर एफटी८ चालवलं, ते पण १० मीटर बँडवर (२८ मेगाहर्ट्झ) आणि दुपारच्या उन्हात, तर आरजी-५८ च्या जिवावर बेतेल.

तरी माझं स्पष्ट मत, लिनियरवर इतका खर्च करताय तर केबल आरजी-२१३ घ्या. जळेल म्हणून नाही, लॉससाठी. ३० मीटर आरजी-५८ मध्ये २८ मेगाहर्ट्झला अडीच डीबीच्या आसपास जातात, म्हणजे ४०० पैकी सव्वादोनशे-अडीचशेच वर पोचतात. लिनियरला दिलेले पैसे केबल तापवण्यात गेले.

म्हणजे पॉवर क्षमतेपेक्षा लॉसकडे बघायचं का?

हो, आणि हे मी सगळ्यांना अगदी जीव तोडून सांगतो. आपल्या पॉवर लेव्हलला बहुतेक वेळा केबल जळायच्या कितीतरी आधी ती लॉसमुळे बाद ठरलेली असते. तिसऱ्या मजल्याच्या फ्लॅटमधून गच्चीपर्यंत ३० मीटर केबल धरा, १४५ मेगाहर्ट्झ, रिगमधून (रेडिओ संचातून) ५० वॅट. आरजी-५८ असेल तर वर १२ वॅट पोचतात. आरजी-२१३ असेल तर २८. एलएमआर-४०० (कमी लॉसची जाड कोॲक्स) असेल तर ३५. यातली कुठलीच केबल ५० वॅटला जळणार नाहीये, तिन्ही क्षमतेत बसतात! आणि ऐकताना पण तेवढंच नुकसान, लांबच्या रिपीटरचा (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्राचा) सिग्नल ॲन्टेनावर येतो आणि खाली येईपर्यंत विरून जातो. ४३५ ला तर बोलायलाच नको, २० मीटर आरजी-५८ मध्ये साडेसात डीबी, २५ वॅटचे चार-साडेचार.

एसडब्ल्यूआर ३ आहे, केबलची क्षमता किती कमी होते?

एसडब्ल्यूआर असला की केबलवर करंट सगळीकडे सारखा राहत नाही, काही ठिकाणी जास्त काही ठिकाणी कमी. जिथे सगळ्यात जास्त तिथे तांब्यातली उष्णता एसडब्ल्यूआरच्या पटीत वाढते. म्हणजे तितकीच पॉवर ॲन्टेनाला पोचवताना एसडब्ल्यूआर ३ असेल तर त्या जागी उष्णता तिप्पट, म्हणून कागदावरची क्षमता सरळ ३ ने भागायची. पूर्ण लांबीची सरासरी बघितली तर वाढ १.६७ पटच असते, पण केबल सरासरीवर जळत नाही, एका जागी जळते.

या गरम जागा अर्ध्या वेव्हलेंथवर येतात, आणि केबलमधली वेव्हलेंथ हवेपेक्षा कमी, साध्या पॉलिथिनला ०.६६ पट. ७ मेगाहर्ट्झला दर १४ मीटरवर एक, १४५ ला दर ६८ सेंटीमीटरवर. केबल मध्येच कुठेतरी फुगलेली दिसली आणि दोन्ही टोकं ठणठणीत असली तर कारण बहुतेक हेच.

मीटर एसडब्ल्यूआर १.३ दाखवतोय, मग सगळं ठीकच ना?

मीटर शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) आहे ना, मग तसं नक्की म्हणता येत नाही. लॉसवाली केबल खराब एसडब्ल्यूआर लपवते. ज्या केबलमध्ये ३ डीबी लॉस आहे तिचं वरचं टोक पूर्ण उघडं सोडलं, ॲन्टेनाच काढून टाकली, तरी खाली मीटर फक्त ३:१ दाखवेल. ६ डीबीच्या केबलला तर १.७ च्या आसपास, म्हणजे ॲन्टेना नसतानाही "चांगला" एसडब्ल्यूआर! जुनी केबल वर्षागणिक आपोआप "सुधारत" चालली असेल तर खुश होऊ नका, तिच्यात पाणी शिरलंय का ते बघा (पावसाचा प्रश्न खाली आहे).

शॅकमध्ये ट्यूनर आहे, तो एसडब्ल्यूआर १ करून देतो. मग केबलला काय त्रास?

ट्यूनर फक्त रिगला खुश करतो. ट्यूनरच्या पलीकडे केबलवर एसडब्ल्यूआर जसाच्या तसा असतो. नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. ४० मीटर बँडचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तारेची ॲन्टेना), आरजी-५८ ने फीड केलेला, आणि त्यावर २० मीटर बँड (१४ मेगाहर्ट्झ) चालवायचाय. तिथे तो डायपोल मधोमध तीन-चार हजार ओहम दाखवतो. ३००० धरले तर एसडब्ल्यूआर ६०. ३० मीटर केबलचा साधा लॉस १४ मेगाहर्ट्झला फक्त १.६ डीबी, पण या एसडब्ल्यूआरमुळे तो जवळपास ११ डीबी होतो. रिगमधून १०० वॅट, ॲन्टेनाला जेमतेम ८. बाकीचे ९२ केबलमध्ये आणि थोडे ट्यूनरमध्ये. आणि ही उष्णता सारखी पसरत नाही, ॲन्टेनापासून साडेतीन मीटर खाली पहिली गरम जागा, मग दर सात मीटरला. ऑपरेटरला मात्र शॅकमध्ये सुंदर १:१ दिसतोय आणि "आज कंडिशन्स खराब आहेत" असं वाटतंय.

उपाय दोनच. एकतर ट्यूनर वर फीड पॉइंटला लावा, नाहीतर कोॲक्स सोडून लॅडर लाइन (शिडीसारखी दोन समांतर तारांची केबल) वापरा, तिचा लॉस इतका कमी असतो की एवढ्या एसडब्ल्यूआरलाही फारसं बिघडत नाही.

व्होल्टेजने केबल फुटू शकते का? आत ठिणगी पडते म्हणतात.

केबलमध्ये फार क्वचित. आरजी-५८ ला साधारण १४०० व्होल्ट आरएमएसचं रेटिंग असतं. ५० ओहमला ४०० वॅट म्हणजे १४१ व्होल्ट आरएमएस, पीकला २००. अमेरिकेतल्या १५०० वॅटच्या मर्यादेला सुद्धा २७४ आरएमएस होतात. एसडब्ल्यूआरने व्होल्टेज त्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतं, एसडब्ल्यूआर २० आणि ४०० वॅट असतील तर पीक ९०० च्या जवळ. केबल हे सहन करते, पण कनेक्टरचं तसं नाही, बीएनसीचं रेटिंग ५०० व्होल्ट आरएमएस आणि पीएल-२५९ चं साधारण ५०० पीक, मग ठिणगी कुठे पडणार ते उघड आहे. कनेक्टरच्या आत काळी रेघ दिसली की तो फेकायचा, घासून परत वापरायचा नाही, कोळशाची वाट एकदा तयार झाली की पुढची ठिणगी तिथेच पडते.

मग कनेक्टर कुठला लावू?

एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) आणि ४०० वॅटपर्यंत पीएल-२५९ बिनधास्त, पण चांगला, टेफ्लॉनवाला, आणि शील्डला नीट सोल्डर केलेला. ४३५ ला एन टाइप. एसएमए हँडहेल्डपुरता ठेवा. स्वस्त पीएल-२५९ मध्ये आतलं इन्सुलेशन सोल्डरिंग करतानाच वितळतं, पिन तिरकी होते. दहापैकी बहुतेक "केबल जळली" तक्रारींमध्ये केबल चांगली निघते आणि कनेक्टरचा सोल्डर कोरडा निघतो. जरा जोरात पॉवर सोडली की त्या सांध्यात उष्णता, सोल्डर अजून सैल, असं ते चक्र चालू होतं.

उन्हाळ्यात क्षमता कमी होते का?

होते, आणि आपल्याकडे चांगलीच. रेटिंग साधारण ४० अंशांचं असतं. आतल्या तारेला ८५ पर्यंत परवानगी धरली तर तापायला जागा उरते ४५ अंशांची. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवाच ४५ च्या पुढे जाते, आणि काळं जॅकेट तापलेल्या स्लॅबवर पडलेलं असेल तर ते ६० अंश धरा, मग जागा उरते २५, क्षमता ५५ टक्के. २०० ची ११० झाली. म्हणून केबल स्लॅबवर टाकून ठेवू नका, कठड्याच्या सावलीतून न्या, किंवा जरा उचलून बांधा म्हणजे खालून हवा फिरते. पांढऱ्या पीव्हीसी पाइपमधून नेली तर ऊन लागत नाही पण आत हवाही फिरत नाही, त्यामुळे जास्त पॉवर असेल तर पाइप मोठा घ्या.

जास्तीची केबल गुंडाळून ठेवली तर चालते ना?

कमी पॉवरला चालते. जास्त पॉवरला गुंडाळीच्या मधल्या वेढ्यांना उष्णता टाकायला जागाच नसते, सोसायटीच्या डक्टमध्ये दहा केबल एकत्र बांधलेल्या असतात तिथेही तेच. पण त्याहून वाईट म्हणजे तीव्र वाकवणं. आरजी-५८ साधारण २५ मिलिमीटरपेक्षा आणि आरजी-२१३ ५० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका. कारण असं, वाकलेल्या जागी आतली तार सरळ व्हायला बघते, थंड असताना पॉलिथिन तिला धरून ठेवतं, पण गरम झालं की ते मऊ पडतं आणि तार हळूहळू बाहेरच्या जाळीकडे सरकते. महिनोन् महिने काही कळत नाही, इम्पीडन्स (केबलचे ५० ओहम) थोडा बिघडतो इतकंच. मग एके दिवशी उन्हात लांब ओव्हर (सलग ट्रान्समिशन) दिला की थेट शॉर्ट. खिडकीच्या ग्रिलला काटकोनात वळवून टायने आवळलेली केबल ही याची सगळ्यात ठरलेली जागा.

एलएमआर-४०० घेतली, तिला हे सगळं लागू नाही ना?

लॉस आणि क्षमता दोन्ही सरस आहेत, ३० मेगाहर्ट्झला ३ किलोवॅटच्या वर आणि ४५० ला सुद्धा ८०० वॅटच्या आसपास. पण तिचा डायइलेक्ट्रिक फोमचा आहे, दाबला-वाकवला तर साध्या पॉलिथिनपेक्षा लवकर हार मानतो, म्हणजे आधीच्या उत्तरातलं तार सरकणं हिला जास्तच लागू. आतली तार पण तांब्याचा मुलामा दिलेलं जाड ॲल्युमिनियम, सतत हलवायला नाही. रोटेटरच्या (ॲन्टेना फिरवणाऱ्या मोटरच्या) वळशाला बारीक तारांच्या गाभ्याचा तुकडा लावा.

बारीक टेफ्लॉन केबल इतकी पॉवर कशी घेतात?

टेफ्लॉन २०० अंशांपर्यंत टिकतो म्हणून. आरजी-१४२ आणि आरजी-४०० जाडीला आरजी-५८ इतक्याच, लॉसही फार वेगळा नाही, पण पॉवर कितीतरी पट. अडीच मिलिमीटरची आरजी-३१६ पण एचएफला १०० वॅट आरामात घेते. मात्र लॉस टेफ्लॉनमुळे कमी होत नाही! आरजी-३१६ चा लॉस आरजी-५८ च्या दुपटीच्या आसपास आहे, तेव्हा ती बलून, चोक, पोर्टेबल ॲन्टेना असल्या छोट्या तुकड्यांसाठी, गच्चीपर्यंत न्यायला नाही.

गच्चीवर डीटीएचची आरजी-६ पडून आहे, वापरू का?

वापरा, १०० वॅट एचएफला अजिबात हरकत नाही. ती ७५ ओहमची आहे म्हणून लोक घाबरतात. आत प्लॅस्टिकऐवजी हवा असलेल्या कोॲक्समध्ये सगळ्यात कमी लॉस ७७ ओहमच्या आसपास मिळतो आणि सगळ्यात जास्त पॉवर ३० ला, ५० ही मधली तडजोड आहे, त्यात पवित्र काही नाही. डायपोल बऱ्यापैकी उंच असेल तर ७० ओहमच्या आसपास असतो, म्हणजे केबलवर एसडब्ल्यूआर उलट चांगलाच, रिगला दिसणारा १.५. आणि १४५ ला तिचा लॉस आरजी-५८ च्या निम्म्याहून कमी.

अडचणी दोन. आतली तार पोलादी, वर तांब्याचा पातळ थर, ३.५ मेगाहर्ट्झला करंटची कातडी ३५ मायक्रॉन होते, थर पुरेसा जाड नसेल तर करंट पोलादात शिरतो आणि लॉस वाढतो, १.८ ला अजून जास्त. दुसरं, जाळी ॲल्युमिनियमची, सोल्डर धरत नाही, क्रिम्प किंवा कॉम्प्रेशनचा एफ कनेक्टर आणि मग ॲडॅप्टर.

पाऊस पडला की एसडब्ल्यूआर बदलतो, केबल गेली का?

आधी टोकं उघडून बघा. जॅकेट चार-पाच सेंटीमीटर कापा. जाळी चकचकीत असेल तर केबल ठीक. काळपट पडली असेल, बोटाला काळं लागत असेल, तर पुढे अजून अर्धा मीटर कापा, तिथेही काळीच असेल तर केबल टाकून द्या. जाळी पाणी शोषून घेते आणि ते मीटर-मीटर आत चढतं. काळ्या जाळीचा लॉस वाढतो, लॉस म्हणजे उष्णता, म्हणजे क्षमता पण घटली. कोकणात आणि मुंबईच्या किनाऱ्याला खाऱ्या हवेने हे फार लवकर होतं. कनेक्टरवर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून, वर साधी काळी टेप, आणि कनेक्टरच्या खाली केबलला एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं.

चोकची (केबल जिच्यावर गुंडाळतात ती फेराइटची) रिंग तापते, केबलची क्षमता संपली?

नाही, ते वेगळं आहे. आतली पॉवर जाळीच्या आतल्या बाजूने जाते, रिंगला ती दिसतच नाही. रिंग तापते म्हणजे जाळीच्या बाहेरून कॉमन मोड करंट वाहतोय. ऑफ-सेंटर फेड आणि एंड-फेड ॲन्टेनांना (मधोमध सोडून किंवा टोकाला फीड केलेल्या) हे नेहमीचंच. वेढे वाढवा किंवा दुसरा चोक लावा, केबल बदलून फरक पडणार नाही.

दोन आरजी-५८ समांतर जोडल्या तर पॉवर दुप्पट होईल ना?

पॉवर वाटली जाईल पण इम्पीडन्स २५ ओहम होईल. जाड केबल घ्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी घेताना खरी-खोटी कशी ओळखू?

सोबत ब्लेड आणि लोहचुंबक ठेवा आणि एक वीत तुकडा मागून घ्या. चांगल्या आरजी-५८ सी मध्ये कल्हई केलेल्या तांब्याच्या १९ बारीक तारा असतात, चुंबकाला चिकटत नाहीत. जाळी ९५ टक्के झाकणारी हवी, तुकडा उजेडासमोर धरून जाळीतून पांढरं पॉलिथिन ठळक दिसत असेल तर नको. आतली तार बरोब्बर मधोमध आहे का बघा. पूर्ण बंडल घेणार असाल तर नॅनोव्हीएनए (केबल-ॲन्टेना तपासायचं छोटं यंत्र) लावा, दुसरं टोक उघडं ठेवा, रिटर्न लॉस (परत येणारा सिग्नल किती डीबी कमी झाला) वाचा आणि निम्मा करा, तो एका बाजूचा लॉस. ३० मीटर आरजी-५८ ला १४५ वर रिटर्न लॉस १२ डीबीच्या आसपास यायला पाहिजे. १६-१८ आला तर परत द्या.

माझी केबल जास्त तापतेय का हे घरच्या घरी कसं कळेल?

तुम्ही नेहमी चालवता तितकी पॉवर, तोच मोड, दहा-पंधरा मिनिटं. मग ट्रान्समीटर बंद करा, पूर्ण बंद, आणि मगच हात लावा. पहिला मीटर, सगळे कनेक्टर, वळणं आणि एसडब्ल्यूआर जास्त असेल तर वर सांगितलेल्या अर्ध्या वेव्हलेंथच्या जागा. कोमट लागली तर हरकत नाही. हात ठेवता येत नसेल तर बाहेरचं जॅकेटच ५५-६० अंशांच्या पुढे आहे आणि आतली तार त्याहून बरीच गरम, पॉवर अर्ध्यावर आणा आणि कारण शोधा. एकच कनेक्टर गरम आणि शेजारची केबल थंड असेल तर आज संध्याकाळीच तो कापून नवीन बसवा.